भिंतीपासून अंतर ठेवावे

हत्तीवाली मोटार कंपनी आणि ससाणावाली मोटार कंपनी एक होणार ही बातमी आली तेव्हा जपूनराव दाढी करत होते. त्यांचा हात गालावरच थांबला. कापलं वगैरे काही नाही. दाढी करताना जपूनरावांना आयुष्यात कधी कापलं नव्हतं, कारण वस्तरा हातात घेतला की आपण काय करायला निघालो आहोत याची त्यांना पूर्ण कल्पना असे. पण त्या दिवशी ते अर्धी दाढी करून, अर्ध्या चेहऱ्यावर फेस घेऊन, कितीतरी वेळ आरशात बघत राहिले. शेवटी बायकोने दारावर थाप मारली आणि म्हणाली, "अहो, आत पडलात की काय?"

"अजून नाही," जपूनराव म्हणाले.

जपूनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते आता फक्त पगाराच्या कागदावर उरलं होतं. हत्तीवाल्या कंपनीत ते गाड्यांच्या वापर-पुस्तिका लिहीत. नवी गाडी घेतली की पुढच्या खणात एक जाडजूड पुस्तक मिळतं, जे कोणी उघडत नाही आणि जे गाडी विकताना पुढच्या मालकाला तसंच करकरीत दिलं जातं, ते पुस्तक. त्यातही त्यांचा हातखंडा धोक्याच्या चौकटींचा. 'इंजिन गरम असताना झाकण उघडू नये.' 'गाडी चालू असताना डोके बाहेर काढू नये.' माणूस कुठे कुठे आणि कसा कसा धडपडू शकेल याचा विचार करण्यात त्यांची उमेदीची सारी वर्षं गेली होती. परिणामी त्यांना जगच चौकटीत दिसू लागलं होतं. चहाचा कप, बाथरूमची फरशी, उघडं कपाट, पाठीवर थाप मारणारे मित्र, सगळ्यांभोवती त्यांना एक काळी चौकट आणि कोपऱ्यात त्रिकोण दिसे. गाडी कशी चालवावी हे त्यांनी इतक्यांदा लिहिलं होतं की ती चालवून माणूस जिवंत परत येतो यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता. घरची गाडी बायको चालवायची. जपूनराव शेजारी बसून, नसलेला ब्रेक पायाने दाबत असत.

अशा माणसाच्या कंपनीचं विलीनीकरण होऊ नये. पण ते झालं.

कचेरीत पोचले तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. साहेबांनी त्यांना आत बोलावलं. साहेब हा माणूस एरवी मोठ्याने बोलणारा. त्या दिवशी इतक्या हळू बोलत होता की जपूनरावांना खुर्ची पुढे ओढावी लागली.

"एक छोटं काम आहे," साहेब म्हणाले. "एकच पान लिहायचंय. वरच्या लोकांना दोन्ही गाड्यांचा स्वभाव एकेका पानात हवाय. आपला हत्ती म्हणजे काय, त्यांचा ससाणा म्हणजे काय. ते वाचून ठरवणार, दोन्ही नावं ठेवायची, का एक पुसायचं."

"पण हे जाहिरात विभागाचं काम."

"जाहिरात विभागाने कालच ससाण्याकडे अर्ज टाकलेत. सगळ्यांनी. आता लिहिता येणारे तुम्हीच उरलात."

जपूनरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"आणि हो," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तिकडेही पुस्तिका लिहिणारं एकच माणूस आहे म्हणे. आता एका कंपनीला दोन-दोन पुस्तिकावाले कशाला लागतील, असं वरती कुणीतरी विचारलंय. सहज विचारलंय. पण पान जरा मन लावून लिहा."

त्या दिवशी जपूनराव लिफ्टऐवजी जिन्याने उतरले. जिन्यावर पाय घसरण्याची शक्यता असते हे खरं, पण आज आपलं कशातच खरं नाही असं त्यांना वाटत होतं.

घरी येऊन त्यांनी कागद पुढे ओढला. हत्ती म्हणजे काय? त्यांनी लिहिलं, 'ही गाडी भक्कम आहे.' मग प्रामाणिकपणे पुढे लिहिलं, 'तथापि ती भिंतीवर आदळू नये.' कागद फाडला. दुसरा घेतला. 'ही कुटुंबाची गाडी आहे. कुटुंबातील व्यक्तींनी हात बाहेर काढू नयेत.' तोही फाडला. स्तुती करायला बसलं की लेखणीतून धोकाच उतरायचा.

"लोकांना विचारा की," बायको म्हणाली. "आपल्या इमारतीत चिक्कार हत्ती आहेत. का घेतली म्हणून विचारा. पण तोंड जरा नीट करून जा. तुमचा चेहरा बघून लोकांना वाटतं घरात कोणी गेलंय."

हा सल्ला जपूनरावांनी अर्धाच पाळला. ते विचारायला गेले.

वरच्या मजल्यावर बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ राहायचे. त्यांना सगळे बँकवाले म्हणत. त्यांनी दार उघडलं आणि जपूनरावांचा चेहरा बघून आधी पाणीच दिलं.

"तुम्ही हत्ती का घेतलीत?" जपूनरावांनी दबक्या आवाजात विचारलं.

"निळी होती म्हणून. मेव्हण्याकडे लाल होती." बँकवाल्यांनी डोळे बारीक केले. "का हो? काय झालं?"

"काही नाही. सहज."

आता, जपूनराव सहज काही करतात यावर इमारतीतल्या शेंबड्या पोरानेही विश्वास ठेवला नसता. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीण बाईंनी "शोरूम दवाखान्यासमोर होतं आणि पेशंट आला नव्हता" असं कारण दिलं आणि वर विचारलं, "तुम्ही थरथरताय का?" सोसायटीच्या सेक्रेटरींकडे ससाणा होती. "बॉनेटवरचा पक्षी बघितला की वळणावर आपोआप जोर येतो," ते म्हणाले. त्यांच्या गाडीच्या दोन्ही कुशी खरवडलेल्या होत्या, त्यामुळे हे अगदी खरं असावं. "पण तुमच्या हत्तीचं काय ऐकतोय मी?"

"काय ऐकताय?"

"ते तुम्हीच सांगा. दारोदार तुम्ही फिरताय."

बोलून बोलून गोष्ट वाढते. संध्याकाळपर्यंत हत्तीचे सुटे भाग मिळणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रेकमध्ये दोष निघाला, तो कंपनी लपवत होती आणि एक अंतर्गत माणूस सदसद्विवेकबुद्धीच्या टोचणीमुळे घरोघरी जाऊन सूचना देत होता. पराचा कावळा होतो हे जपूनरावांना ठाऊक होतं. इथे तर पिसाचा ससाणा झाला होता आणि तो त्यांच्याच डोक्यावर घिरट्या घालत होता. बायको जिन्यात भेटेल त्याला "तसं काही नाही हो" म्हणू लागली, तेव्हा तर सर्वांची खात्रीच पटली.

मग जपूनरावांचा मेव्हणा आला. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याने नुकतीच हत्ती घेतली होती. तो बूट न काढताच आत आला, यावरून जपूनरावांनी प्रसंग ओळखला.

"भावोजी, तुमच्या शब्दावर गाडी घेतली मी."

"मी फक्त 'वाईट नाही' म्हणालो होतो."

"तेच. तुम्ही 'वाईट नाही' म्हणालात म्हणून तर घेतली. जन्मात दुसऱ्या कशाला तुम्ही तसं म्हणाला नव्हतात. माझी बायको पसंत केली तेव्हासुद्धा तुम्ही म्हणालात, 'बघू.'"

"अरे, ते आपलं सर्वसाधारणपणे..."

"ताई, हे काहीतरी लपवतायत. घाम बघ."

"त्यांना नेहमीच येतो," बायको म्हणाली. "तू बूट काढ आधी."

"माझी गाडी अनाथ होणार का, एवढंच सांगा. कंपनीचं नावच गेलं तर उद्या मी कोणाची गाडी चालवतोय म्हणून सांगू?"

हाच प्रश्न जपूनरावांना स्वतःबद्दल पडला होता. नाव पुसलं गेलं तर इतकी वर्षं आपण कोणाच्या चौकटी लिहीत होतो?

दोन दिवसांत इमारतीच्या फाटकाशी जुन्या गाड्यांचा दलाल येऊन उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. गिधाडालाही कोणी बोलवत नाही. तो प्रत्येक हत्तीभोवती फिरायचा, बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करायचा आणि सुस्कारा सोडायचा. प्रत्येक सुस्काऱ्यासरशी गाडीचा भाव उतरायचा. बँकवाल्यांच्या गाडीपाशी त्याने लागोपाठ तीन सुस्कारे सोडले, तेव्हा ते गॅलरीतून ओरडले, "पुरे, पुरे, देतो."

इतक्यात साहेबांनी पुन्हा बोलावलं. भिंतीवर एक आलेख लावला होता. सरळ चाललेली रेघ एका जागी एकदम विहिरीत पडावी तशी खाली गेली होती.

"हा बघा," साहेब म्हणाले. "सगळ्या शहरात जुन्या हत्तीचा भाव टिकून आहे, आणि या एका भागात हा खड्डा. वरच्या लोकांनी बरोबर हाच उचललाय. म्हणतात, लोकांचा हत्तीवरचा विश्वास उडाला, नाव पुसायला हरकत नाही. काय झालं असेल हो तिथे? तुम्ही तिकडेच राहता ना?"

"जवळपास," जपूनराव म्हणाले.

एक पान लिहायचं होतं. त्याऐवजी त्यांनी हत्तीला खड्डा खणून दिला होता.

रविवारी बँकवाल्यांची गाडी जायची होती. जुनी हत्ती द्यायची, वर थोडे घालून दलालाकडची ससाणा घ्यायची, असा व्यवहार ठरला होता. सारी इमारत खाली जमली. जपूनरावांना यायचं नव्हतं, पण गुन्हा घडला त्या जागी गुन्हेगार परत येतोच, तसे ते खांबाआड येऊन उभे राहिले.

"आधी आईला बसवून बघू," बँकवाले म्हणाले.

त्यांची आई म्हणजे वजनदार बाई, सर्वार्थाने. गुडघे गेलेले, आवाज शाबूत. ससाणा बुटकी आणि तिचं दार अरुंद. आईंनी आधी डोकं घातलं, तर बाकीच्या आई बाहेर राहिल्या. मग पाठमोऱ्या गेल्या, तर डोकं बाहेर राहिलं. मुलाने खांदा धरला, सुनेने पाय उचलला, दलालाने लांबूनच "थोडं तिरकं, आजी, थोडं तिरकं" असं मार्गदर्शन केलं.

"मला काय पेटीत टपाल टाकता तसं टाकताय?" आई कडाडल्या. "सोडा. हात सोडा आधी."

त्यांनी काठी टेकली, वळल्या आणि आपल्या निळ्या हत्तीपाशी गेल्या. दार ओढलं. ते उघडत गेलं, उघडत गेलं आणि धाडकन कुंपणाच्या भिंतीवर आदळलं. आई सावकाश वळल्या, रुबाबात मागे टेकल्या, एकेक पाय आत घेतला आणि राणीसारख्या बसल्या.

"आता विका," त्या म्हणाल्या. "पण मला धरून विका. मी उतरत नाही."

खांबाआडून जपूनरावांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "दार पूर्ण उघडते. भिंतीपासून अंतर ठेवावे."

सगळ्यांनी वळून बघितलं.

"हे काय आता?" सेक्रेटरी म्हणाले.

"पुस्तिकेत आहे," जपूनराव पुटपुटले. "मीच लिहिलंय."

ते घरी गेले, कपाटातून पुस्तिका काढली आणि कितीतरी वर्षांनी आपलंच लिखाण परक्यासारखं वाचायला बसले. वाचता वाचता त्यांची भीती वाढतच गेली, कारण जे दिसत होतं ते खरं असेल तर आपण इतकी वर्षं काय लिहीत होतो ते आपल्यालाच कळलं नव्हतं. 'इंजिनाचा आवाज कमी असल्याने ते चालू असल्याचे लक्षात न येण्याचा संभव आहे.' 'मागील काच मोठी असल्याने मागून येणारा प्रकाश डोळ्यांवर येऊ शकतो.' 'मागील आसनावर मुले झोपी जातात. उतरताना कोणी राहिले नाही याची खात्री करावी.'

त्यांनी अशा सगळ्या चौकटी एका पानावर उतरवून काढल्या. स्वतःचा एक शब्दही घातला नाही. घालायचं धैर्य नव्हतं.

वरच्या लोकांची कचेरी काचेची होती. जपूनराव काचेपासून अंतर ठेवून बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक किडकिडीत बाई मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या कागदावर वरती ससाणा होता.

"तुम्हीच का ते?" बाईंनी विचारलं. "तुमच्या चौकटी आमच्याकडे नवीन माणसाला वाचायला देतात. मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल."

"ससाण्याच्या पुस्तिका तुम्ही लिहिता? ते 'वाऱ्याला मागे टाका'?"

"ते जाहिरातवाले लिहितात. त्याच्या खालच्या बारीक टाईपातलं, 'टाकू नये', ते माझं." बाईंनी पाण्याची बाटली हातात घेतली, झाकण बघितलं आणि परत ठेवली. "सैल आहे. सांडेल."

जपूनरावांना गलबलून आलं. ज्या माणसाच्या धास्तीने आपली झोप उडाली होती, ते माणूस आपल्यासारखंच जिन्याने चढून आलं होतं. आणि आता आत गेल्यावर दोघांतलं एकच बाहेर येणार होतं, म्हणजे नोकरीच्या अर्थाने.

आत लांब टेबलामागे वरचे लोक बसले होते. मधल्या बाईच मुख्य असाव्यात, कारण त्या एकट्याच काही लिहून घेत नव्हत्या. जपूनरावांनी ओळीखाली बोट धरून, मान वर न करता वाचायला सुरुवात केली. सहा चौकटी. वाचून झाल्यावर शांतता पसरली. ही शांतता कोणत्या प्रकारची आहे हे बघण्यासाठी वर बघणं आवश्यक होतं, म्हणून त्यांनी बघितलं नाही.

"हे तर सगळे इशारे आहेत," कोणीतरी म्हणालं.

"मला तेवढंच येतं," जपूनराव म्हणाले.

"ते दार," मधल्या बाईंनी विचारलं, "एवढं का उघडतं?"

"मला माहीत नाही. कुणाला लागू नये म्हणून मी फक्त लिहिलं." मग त्यांना वाटलं, एवढं म्हणणं खोटेपणाचं होईल. "आमच्या इमारतीत एक आजी आहेत. रविवारी त्या गाडीत बसल्या आणि गाडी विकू देईनात. त्या दारातून त्यांना मान खाली न घालता बसता येतं."

"कुठली इमारत? आलेखावर खड्डा पडलाय त्या भागातली?"

जपूनरावांच्या डोळ्यांपुढे काळी चौकट उभी राहिली आणि कोपऱ्यात त्रिकोण.

"तो खड्डा," ते म्हणाले, "मी आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. बँकवाले, पाणी, सहज, ब्रेक, सुस्कारे. सांगताना टेबलामागून खाकरल्याचे आवाज येत होते. एका गृहस्थांनी तर तोंडावर रुमाल धरला. जपूनरावांना वाटलं त्यांना बरं नाही. त्यांनी दार जरा उघडून ठेवण्याची सूचना केली.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. दोन्ही नावं पुसली गेली. येणाऱ्या गाडीसाठी एक नवी खूण ठरली, एक लांबट गोल, आत काहीच नाही. त्यात सगळ्यांचा समावेश होतो असं सांगण्यात आलं. "अंडं आहे ते," साहेब म्हणाले. "आणि हत्ती काही अंडी घालत नाही. घ्या समजून." कारखान्याच्या फाटकावरचा सिमेंटचा हत्ती दोर लावून उतरवला, तेव्हा त्याची शेपटी भिंतीलाच चिकटून राहिली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं हे इतक्या शब्दशः कोणी कधी बघितलं नसेल, पण हसलं कोणीच नाही.

राहता राहिले दोन पुस्तिकावाले. दोघांतलं एक कमी करायचं पत्र काढायचं ठरलं. पण नव्या नियमाप्रमाणे कंपनीतून बाहेर जाणारा प्रत्येक मजकूर पुस्तिका विभागाने तपासायचा होता. म्हणून ते पत्र नाव कोरं सोडून त्या दोघांकडेच आलं. दोघांनी ते एका टेबलावर समोरासमोर बसून, हे पत्र आपल्यालाच मिळणार अशी खात्री बाळगून, अत्यंत निष्ठेने तपासलं. 'पत्र देण्यापूर्वी संबंधित व्यक्ती बसलेली असल्याची खात्री करावी.' 'त्या वेळी खिडक्या बंद असाव्यात.' 'पत्र देणाऱ्याने त्या रात्री एकटे राहू नये.' ते वाचून सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने पत्र खणात टाकलं. ते अजून तिथेच आहे, आणि तो खण उघडल्याचा आवाज आला की टेबलाच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं श्वास रोखून धरतात.

वर्ष उलटलं. नवी गाडी बाजारात आली. पहिल्या काही गाड्यांतली एक अर्थातच मेव्हण्याने घेतली आणि दाखवायला इमारतीच्या तळघरात आणली. बायको उतरून बघायला गेली. जपूनराव तिच्यामागे कठडा धरून उतरले.

"बघा भावोजी, आता अनाथ नाही. दोन आईबाप आहेत हिला," मेव्हणा म्हणाला. "इंजिन ससाण्याचं. बाकीचं कुठलं ते काही सांगत नाहीत. आत बसा तर खरं."

आणि त्याने ऐटीत दार उघडलं. ते उघडत गेलं, उघडत गेलं आणि धाडकन खांबावर आदळलं.

तळघरात आवाज घुमला. नव्याकोऱ्या पत्र्याच्या कडेला खांबाचा पांढरा रंग लागला आणि नखाएवढा पोचा आला.

"अहो भावोजी," मेव्हणा रडवेला होऊन म्हणाला, "हे आधी सांगायचं नाही का?"

जपूनरावांनी पुढचा खण उघडला. पुस्तिका करकरीत होती, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी ती उघडली नाही. वाक्य त्यांना पाठ होतं. त्यातला एक शब्दही कोणी बदलला नव्हता. ते वाकले आणि त्या पोच्यावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"अहो, हसताय काय?" बायको म्हणाली. "त्याची नवी गाडी आहे."

"हत्ती आहे," जपूनराव म्हणाले. "आत आहे."

मेव्हण्याने काही न कळून बहिणीकडे बघितलं आणि चिडून दार ओढलं.

"हळू," जपूनराव म्हणाले. "बंद करताना बोटं सांभाळ."